गरिबाच्या दारी जाण्याआधी आपला वार ठरवा

रविवारची मिस्सा संपते. चर्चच्या आवारात एका टेबलावर तांदूळ-डाळीच्या पिशव्या मांडलेल्या असतात, दोन-तीन मंडळी वहीत नावे तपासत असतात. लांबून बघणाऱ्याच्या मनात येते, आपणही यात उतरावे. पण विचारायचे कुणाला? कुणी सांगते, फादरना भेटा. कुणी म्हणते, ऑफिसात फॉर्म मिळतो. तिसरा हात धरून भलत्याच सभेला नेऊन बसवतो. महिनाभरात उत्साह ओसरतो आणि सेवेचा विचार पुढच्या लेंटपर्यंत बासनात जातो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या वाचकांकडून हाच गोंधळ पुन्हा पुन्हा ऐकू येतो, म्हणून हा लेख. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. गट निवडताना बहुतेक जण 'आपण किती देऊ शकतो' याचा हिशेब करतात. हिशेब करायचा तो 'आपण दर आठवड्याला कधी जाऊ शकतो' याचा. ज्याच्याकडे पाचशे रुपये आणि ठरलेली बुधवारची संध्याकाळ आहे, तो या कामात पाच हजार देऊन गायब होणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

नावे सारखी वाटतात, कामे वेगळी आहेत

पॅरिशमध्ये प्रापंचिकांचे अनेक गट असतात. गरिबांच्या सेवेसाठी विचार करत असाल तर पुढचे फरक आधी समजून घ्या.

- सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट डी पॉल. बोलीभाषेत 'एसव्हीपी' किंवा 'व्हिन्सेंट डी पॉलवाले'. गरजू कुटुंबाच्या घरी जाणे आणि त्याला प्रत्यक्ष मदत करणे हेच यांचे मुख्य काम. फ्रेडरिक ओझनाम या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये ही संस्था सुरू केली. त्याच दिवशी त्याने विसावे वर्ष पूर्ण केले. संस्थापकांत एकही धर्मगुरू नव्हता. सिस्टर रोझाली रांदू यांनी या पोरांना पहिली गरीब घरे दाखवली. पॅरिशमधल्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात आणि सदस्याला 'व्हिन्सेंशियन'.
- लीजन ऑफ मेरी. हीसुद्धा घरोघरी जाते, जोडीने जाते, आजाऱ्यांना आणि एकट्या वृद्धांना भेटते. मात्र पैसा, धान्य, कपडे अशी वस्तुरूप मदत द्यायला लीजनच्या नियमात मनाई आहे. गंमत अशी की १९२१ मध्ये डब्लिनला लीजन सुरू करणारे फ्रँक डफ स्वतः व्हिन्सेंट डी पॉलचे सदस्य होते. दोन कामे वेगळी ठेवावीत, असा त्यामागचा विचार. तांदूळ वाटायच्या इच्छेने लीजनमध्ये गेलात तर हिरमोड होईल. माणसाशी बोलायची, त्याच्याबरोबर प्रार्थना करायची ओढ असेल तर लीजन तुमच्यासाठी आहे.
- सेंटर फॉर सोशल अॅक्शन, म्हणजे सीएसए. मुंबई महाधर्मप्रांताची ही सामाजिक कामाची यंत्रणा. पॅरिशमधल्या केंद्रांमार्फत महिलांचे बचत गट, मुलांचे शिक्षण, हक्कांची जाणीव अशी कामे चालतात. शिक्षक, वकील, हिशेबनीस अशा हाती कसब असलेल्यांना इथे वाव आहे.
- छोटे ख्रिस्ती समूह. तुमच्या गल्लीतली, इमारतीतली शेजारची घरे. इथे सदस्यत्वाचा प्रश्नच नाही, तुम्ही आधीच त्यात आहात. शेजारचे कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, हे सर्वांत आधी इथेच कळते.
- फ्रान्सिस्कन प्रापंचिक संघ. साध्या जीवनाची ही आयुष्यभराची बांधिलकी आहे. प्रशिक्षणाला बराच काळ लागतो. केवळ 'काहीतरी समाजकार्य' म्हणून या वाटेला जाऊ नका.

साधा नियम लक्षात ठेवा. हाताने मदत पोहोचवायची असेल तर व्हिन्सेंट डी पॉल, सोबत द्यायची असेल तर लीजन, कसब द्यायचे असेल तर सीएसए. लेखाचा पुढचा भाग मुख्यतः व्हिन्सेंट डी पॉलबद्दल आहे, कारण 'गरिबांची सेवा' म्हणताना बहुतेकांच्या मनात हेच काम असते.

सामील कसे व्हाल

1. आधी आपली पॅरिश नक्की करा. उपनगरांत लोक राहतात एका पॅरिशमध्ये आणि मिस्सेला जातात दुसऱ्या. बोरिवलीत राहणारा आयसी कॉलनीच्या चर्चला जातो, पण इमारत शेजारच्या पॅरिशच्या हद्दीत असते. घरभेटी पॅरिशच्या हद्दीतच होतात. चालत जाता येईल असे घर असेल तरच तुम्ही पावसाळ्यातही जाल.
2. नोटीस बोर्ड आणि पॅरिश बुलेटिन पाहा. कॉन्फरन्सच्या सभेचा वार आणि वेळ तिथे मिळते. नसेल तर पॅरिश ऑफिसात फक्त एवढेच विचारा: 'एसव्हीपीची सभा कधी असते आणि अध्यक्ष कोण आहेत?'
3. अध्यक्षांना भेटा. प्रमुख धर्मगुरूंना कल्पना देणे ही रीत आहे, पण कॉन्फरन्स प्रापंचिकच चालवतात. अध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो.
4. पाहुणे म्हणून दोन-तीन सभांना बसा. लगेच नाव देऊ नका. सभा वेळेवर सुरू होते का, मागच्या आठवड्याच्या भेटींचा वृत्तांत होतो का, की नुसत्या पिकनिक आणि जेवणावळीच्या गप्पा होतात, हे पाहा.
5. अनुभवी सदस्याबरोबर घरभेटी करा. किमान चार भेटी होईपर्यंत तुम्ही ऐकायचे काम करा. बोलायचे काम जोडीदार करील.
6. मग सदस्य व्हा. दर आठवड्याला जमत नसेल तर सहयोगी सदस्य म्हणून राहता येईल का, ते विचारा. हिशेब लिहिणे, औषधे आणून देणे, सणाला पिशव्या भरणे ही कामेही लागतातच.

लीजनमध्ये जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे आठवड्याची सभा आणि साधारण दोन तासांचे काम अपेक्षित असते. किमान तीन महिन्यांच्या उमेदवारीनंतर वचन घेतले जाते. ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, ते घरून रोजची प्रार्थना करणारे साहाय्यक सदस्य होऊ शकतात. अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी आज्या लीजनच्या सदस्य आहेत त्या अशा.

सभेत काय होते

कॉन्फरन्सची सभा तासाभराची. सुरुवातीला प्रार्थना, छोटे वाचन, मग प्रत्येक कुटुंबाची चर्चा. शेवटी एक कापडी थैली हातोहात फिरते. तिला गुप्त थैली म्हणतात. मूठ आत घालायची आणि रिकामी करून बाहेर काढायची. कुणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्या आठवड्यात खिशात काही नसेल, त्या आठवड्यातही मूठ आत घालायची. वर्गणी ठरलेली नसल्यामुळे रिक्षा चालवणारा आणि बँकेतला मॅनेजर एकाच बाकावर बसू शकतात. ठरावीक रकमेची सक्ती कुणी करत असेल तर ती संस्थेची रीत नव्हे.

घरभेट: दारात काय करायचे

नेहमी दोघांनी जायचे. एकट्याने कधीही नाही, आणि घरात बाई एकटी असेल तर जोडीत एक स्त्री हवीच.

वेळ त्या घराच्या सोयीची घ्या. पाणी येण्याच्या वेळी जाऊ नका. मुलुंड काय आणि घाटकोपर काय, डोंगरउतारावरच्या वस्तीत नळाला पाणी असते ती पाऊण तासाची धावपळ, आणि त्या वेळी दारात उभा राहिलेला पाहुणा म्हणजे अडचणच. चपला दाराबाहेर काढा. बसायला जे पुढे करतील त्यावर बसा, खाट असो वा उलटा डबा. पाणी दिले तर घ्या. चहा नको म्हणताना 'आत्ताच घेतला' एवढे पुरे. वही बाहेर काढू नका, टिपणे गल्लीबाहेर आल्यावर लिहा. डब्यांकडे, टीव्हीकडे, मोबाइलकडे रोखून पाहू नका. 'घरात टीव्ही आहे, मग गरीब कसे?' हा प्रश्न मनात आला तर मनातच ठेवा. कर्ज कशाचे आहे हे तिसऱ्या भेटीत आपोआप कळते.

माझ्या पहिल्याच घरभेटीची चूक सांगते. घाटकोपरच्या असल्फा भागातली खोली होती. बाई चार घरची धुणीभांडी करायची, मुलगी नववीत. फी थकली म्हणून तिचे डोळे भरून आले आणि मी जोडीदाराला न विचारता बोलून गेले, 'काळजी करू नका, फीचे आम्ही बघू.' पुढच्या सभेत कळले, थैलीत होते ते दोन कुटुंबांच्या औषधांना आधीच दिलेले. फी भरायला पैसेच नव्हते. त्यानंतर तीन आठवडे मी ती गल्ली टाळली. त्या बाईला फी न मिळाल्याचे जितके लागले असेल, त्याहून जास्त मी न फिरकल्याचे लागले. शेवटी जोडीदारानेच मला तिथे परत नेले. बाई रागावली नाही. फक्त म्हणाली, 'पैसे नव्हते तर तसं सांगायला तरी यायचं.'

तेव्हापासून दारातले वाक्य ठरलेले आहे: 'सभेत मांडतो आणि पुढच्या बुधवारी येऊन सांगतो.' उत्तर नकार असले तरी बुधवारी जायचे.

तुमच्या पैशाइतकीच तुमच्या माहितीला किंमत आहे

कॉन्फरन्सची थैली लहान असते. एका बायपासचा खर्च ती पेलू शकत नाही. पण योग्य खिडकी माहीत असलेला माणूस सोबत आला तर पुष्कळ कामे होतात. हे पाठ करून ठेवा.

- दवाखाना. आधी महापालिकेचे रुग्णालय: अंधेरीकरांना कूपर, बोरिवलीकरांना भगवती, घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला, लोक ज्यांना 'एमएसडब्ल्यू' म्हणतात त्यांना, आधी गाठा.
- ट्रस्टची रुग्णालये. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड हाताशी ठेवा. दाद मागायची तर वरळीचे धर्मादाय आयुक्त कार्यालय.
- विधवा, निराधार, वृद्ध. संजय गांधी निराधार योजना आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना. २०२३ मध्ये या योजनांची मदत वाढवून दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. उत्पन्नाची मर्यादा कडक आहे, वर्षाला २१ हजार. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य लागते. अर्ज तहसीलदार कार्यालयात. उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड-घाटकोपरची कामे कुर्ला तहसीलची. अंधेरीला चकरा मारू नका.
- शाळा. 'कॉन्व्हेंटमध्ये गरिबांना पंचवीस टक्के मोफत प्रवेश असतो' असे कुणालाही सांगू नका. शिक्षणहक्क कायद्याची ती तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. तिथली सवलत शाळेच्या मर्जीची. इतर विनाअनुदानित खासगी शाळांत मात्र हक्काने अर्ज करता येतो, आणि तो ऑनलाइन वेळेत भरून देणे हे तुमचे काम होऊ शकते.

पैशाचे नियम

- रोख घेतलीत तर पावती द्या. सभेत ठरल्याशिवाय स्वतःच्या खिशातून कुटुंबाला उसने देऊ नका. उसने दिले की तुम्ही सावकार होता आणि कुटुंब तोंड चुकवू लागते.
- दुकानाचे बिल, शाळेची फी, औषधांचे पैसे शक्यतो थेट तिथेच भरा.
- प्राप्तिकराची ८०जी सवलत हवी असलेला दाता भेटला तर नोंदणीकृत संस्थेचीच पावती लागते, हे स्पष्ट सांगा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, आणि नवी करपद्धती निवडलेल्यांना तर मिळतच नाही.
- कॅनडातल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेले डॉलर सर्वांत जास्त गोत्यात आणतात. नातेवाइकाने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर त्याचा पैसा कायद्याने परकीय अंशदान ठरतो आणि एफसीआरए नोंदणीशिवाय कॉन्फरन्सला तो घेता येत नाही. भारतीय नागरिक असलेल्या, आखातात नोकरी करणाऱ्या भावाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशाला हा नियम नाही. शंका असेल तर घेण्याआधी खजिनदाराला विचारा.

खाचखळगे

- धर्म आणि मदत यांची गाठ मारू नका. मदत कुणालाही, तो मिस्सेला येतो की मशिदीत जातो की कुठेच जात नाही, हे न पाहता. घरभेटीत पत्रके, मेडल, प्रार्थनापुस्तक वाटू नका. तुमचा हेतू कितीही निर्मळ असो, वस्तीत त्याचा वेगळा अर्थ निघतो आणि त्याचा त्रास त्या कुटुंबाला होतो.
- फोटो नको. पिशवी देतानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलात की ते मूल उद्या वर्गात 'चर्चचं रेशनवाला' होते.
- गुप्तता पाळा, पण तिलाही मर्यादा आहे. घरातले कर्ज, दारू, भांडण बाहेर सांगायचे नाही. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. 'सभेत विचारतो' हे उत्तर इथे चालत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.
- आपलेपणाची टोळी होऊ देऊ नका. गावठाणातल्या कॉन्फरन्समध्ये सगळे एकमेकांचे मावसभाऊ निघतात. मग मदतही ओळखीच्याच घरांत फिरते. नव्या सदस्याने नम्रपणे एवढेच विचारावे: 'लिंक रोडपलीकडच्या झोपड्यांत आपले एकतरी घर आहे का?'
- कायमचे घर नको. वर्षानुवर्षे तीच दहा कुटुंबे यादीत असतील तर त्यांना उभे करण्याचे राहून गेले आहे. दर सहा महिन्यांनी यादी तपासा.

तुमचे हक्क

प्रापंचिक म्हणून तुम्ही कुणाच्या मेहेरबानीने सेवा करत नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतले तीन नियम उपयोगी पडतात.

- नियम २१५: सेवा आणि भक्तीसाठी संघटना स्थापण्याचा व चालवण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे. पॅरिशमध्ये कॉन्फरन्स नसेल तर चार-पाच जण मिळून ती सुरू करण्याबाबत धर्मगुरूंशी आणि सोसायटीच्या वरच्या परिषदेशी बोलू शकता.
- नियम ३०७: एकच व्यक्ती एकाहून अधिक संघटनांत असू शकते. 'तुम्ही लीजनमध्ये आहात, मग इथे नको' असे कुणी म्हणाले तर हे सांगा. वेळ पुरेल का, हा प्रश्न मात्र तुमचा.
- नियम ३०८: रीतसर दाखल झालेल्या सदस्याला कायद्यात आणि नियमावलीत बसणाऱ्या योग्य कारणाशिवाय काढता येत नाही.

याशिवाय हिशेब पाहण्याचा आग्रह धरा. वर्षातून एकदा जमाखर्च सभेपुढे आला पाहिजे. सोडून जावेसे वाटले तर जा, पण तुमच्या वाट्याच्या घरांचा नव्या सदस्याशी परिचय करून द्या.

कॅथलिक नसाल तर

सदस्यत्व हे मूलतः कॅथलिकांसाठी आहे, पण मदतीचे हात सगळ्यांचे चालतात. शेजारची काकू शिकवणी घेते, केमिस्ट कमी दरात औषध देतो, हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी जुने कपाट देतो. प्रार्थनेला बसायची इच्छा नसेल तर अध्यक्षांना तसे सांगा आणि काम मागून घ्या.

आता एवढेच करा

या रविवारी मिस्सेनंतर निघण्याआधी नोटीस बोर्डावरून सभेचा वार आणि वेळ लिहून घ्या. घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयाजवळ जा आणि पुढच्या दोन महिन्यांतल्या त्या वाराच्या प्रत्येक चौकोनावर पेन्सिलने खूण करा. मुलांच्या परीक्षा, गावची फेस्त, ऑफिसची शिफ्ट, सगळे डोळ्यांसमोर ठेवून. आठपैकी सहा चौकोनांत खूण निर्धास्त उमटली तर सदस्य व्हा. हात अडखळला तर सहयोगी राहा आणि ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. कारण ती बाई तुमच्या पिशवीची वाट नंतर बघते, आधी तुमच्या बुधवारची.